अक्कलदाढ : काढावी की ठेवावी?

आमच्या घरात दाढदुखीचा विषय निघाला की अब्बांची गोष्ट निघतेच. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. अब्बांचा उजवा गाल सुजला होता, तोंड उघडत नव्हतं. आठवडी बाजारात दात काढणारा एक माणूस बसायचा. पुढ्यात फडकं अंथरलेलं, त्यावर लोकांच्या काढलेल्या दातांचा ढीग, एक चिमटा आणि लाल पाण्याची बाटली. त्यानं अब्बांच्या तोंडात बोट घातलं, ‘हीच ना?’ म्हणून विचारलं. अब्बांनी मान हलवली. दाढ निघाली, पैसे देऊन आम्ही घरी आलो. रात्री मात्र ठणका तसाच. दोन दिवसांनी कळलं की निघालेली दाढ चांगली होती. दुखणं तिच्या मागच्या दाढेत होतं. ती अक्कलदाढ होती. त्यानंतर अब्बांनी आयुष्यभर कुणाला तोंडात हात घालू दिला नाही. शेवटपर्यंत ते एकाच बाजूनं चावत राहिले.

ही भीती बापाकडून मुलाकडे आपोआप येते. माझ्या वाट्याला ती आली ती वयाच्या पन्नाशीनंतर. दोन वर्षांपूर्वी माझ्याही उजव्या खालच्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजली. गोळ्या घेतल्या, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या, बरं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. एका कविसंमेलनाला जायचं होतं, तिथं नकार कळवावा लागला. शहरातल्या एका दवाखान्यात दाखवलं, तर तिथं फोटो पाहून लगेच सांगण्यात आलं, ‘आहेत त्या सगळ्या अक्कलदाढा एकदमच काढून टाकू. ठेवून उपयोग काय?’ खर्चाचा आकडा कागदावर लिहूनही मिळाला. मी तो कागद खिशात घालून परत आलो.

मग आमच्याच गावातल्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, दिव्यासमोर धरला. वरच्या डाव्या बाजूला मला अक्कलदाढ आलेलीच नाही. वरची उजवी सरळ आणि कामाची आहे. खालची उजवी अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली, आणि तिच्या शेजारच्या दाढेला कीड लागायला सुरुवात झालेली. खालची डावी हाडात आडवी झोपलेली, तिनं आजवर काहीच त्रास दिलेला नाही. दोन्ही खालच्या दाढांच्या मुळांजवळून एक नस जाते. उजवीकडे ती थोडी दूर आहे, डावीकडे मुळाला अगदी टेकलेली. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाते. जिभेची नसही आतल्या बाजूनं जवळच असते.

‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘बहुतेकांना काही होत नाही. ओठ किंवा जीभ बधिर झाली तरी बहुतेक वेळा काही आठवड्यांत, काही महिन्यांत पूर्ववत होते. पण कायमची बधिर राहण्याची शक्यता थोडी का होईना, असतेच. तुमचं सगळं काम जिभेवरचं, म्हणून आधीच सांगते.’

माझ्या घरात दखनी, घराबाहेर मराठी. एकाच जिभेला ‘ळ’ही सांभाळायचा आणि ‘क़’ही. त्या जिभेचा प्रश्न होता. मी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचलं, त्यातलं काही आज आपल्यासमोर ठेवतो. कारण माझ्या असं लक्षात आलं, की काढावी की ठेवावी हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही, आणि जितका जुना आहे तितका तो फार शहाण्या माणसांनी विचारलेला आहे.

सुरुवात नावापासून करू. बहुतेक दात बालपणी येतात, ही दाढ मात्र साधारण सतरा ते पंचवीस या वयात. म्हणून जगभर तिला शहाणपणाशी किंवा वयाशी जोडलं गेलं. फारसीत ती ‘दंदाने-अक़्ल’, स्पॅनिशमध्येही विवेकाची दाढ. तुर्की लोक रोखठोक, ते तिला विसाव्या वर्षाचा दात म्हणतात. जपानीत तिचं नाव आहे ‘ओयाशिराझू’, म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेली. कोरियन भाषेत ती प्रेमाची दाढ, कारण ती येते त्याच वयात प्रेमाची दुखणीही येतात. आपला ‘अक्कल’ हा शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि इथलाच झाला. अरबीत त्याच धातूपासून ‘इक़ाल’ हा शब्द आहे. इक़ाल म्हणजे उंटाचा पाय बांधून ठेवायची दोरी. अक्कल म्हणजे उधळणाऱ्याला आवरून धरणारी गोष्ट. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ॲरिस्टॉटलनं प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात या दाढेची नोंद केली आहे. ती विसाव्या वर्षाच्या सुमारास येते असं तो सांगतो, आणि ऐंशी वर्षांच्या बायकांनाही ती फार वेदना देत आल्याची उदाहरणं आहेत, असंही लिहितो. गंमत म्हणजे याच ॲरिस्टॉटलनं पुरुषांना बायकांपेक्षा जास्त दात असतात असं लिहून ठेवलं. मोठ्या माणसानंही तोंड उघडून मोजून पाहावं, हा त्यातला धडा.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘अधिमांसक’ नावाचा विकार सांगितला आहे. जबड्यातल्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, मोठी वेदना आणि लाळ गळणं ही त्याची लक्षणं. मी वाचलं आणि चकित झालो, कारण हे माझ्याच दाढेचं वर्णन होतं. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली अन्न अडकतं आणि ती पिकते. सुश्रुताचा उपाय असा, की वाढलेलं मांस कापावं आणि मधात कालवलेली चूर्णं लावावीत. म्हणजे दाढ ठेवा, टोपी काढा. शिवाय वरचा दात हलत असला तरी वैद्यानं तो उपटू नये, असा इशाराही तिथं आहे. रक्तस्राव होईल, चेहरा वाकडा होईल, दृष्टी जाईल, ही भीती. ती भीती आज सगळी खरी वाटणार नाही, पण तिच्यामागची सावधगिरी समजते.

इब्न सीना (९८० ते १०३७) याच्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथात लिहिलं आहे, की काही माणसांना या शेवटच्या चार दाढा येतच नाहीत, आणि मग बत्तीसऐवजी अठ्ठावीसच दात असतात. तिशीच्या अलीकडे येतात म्हणून त्यांना ‘हिल्म’चे दात म्हणतात. हिल्म म्हणजे परिपक्वपणा, सबुरी. बाराव्या शतकात टोलेडो शहरात या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर झालं, तेव्हा तिथंही त्यांना शहाणपणाचे, समजुतीचे दात म्हटलं गेलं. आजच्या अभ्यासांचा अंदाज असा, की जगात साधारण पाचांपैकी एकाला निदान एक अक्कलदाढ नसते. माझ्या वरच्या डाव्या बाजूची रिकामी जागा पाहून मला इब्न सीनाची आठवण आली.

पण माझं मन सर्वांत जास्त गुंतलं ते अबुल कासिम अल-ज़हरावी याच्यात. हा इब्न सीनाच्या काळातला, स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळचा शल्यविशारद. त्याच्या ‘अल-तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग, शेवटचा शस्त्रक्रियेवर. त्यात तो सांगतो, की दात वाचवण्याचे सगळे उपाय आधी करून पाहा, काढण्याची घाई करू नका, कारण तो गेल्यावर त्याची जागा घेणारं दुसरं काही नाही. आणि काढायचाच झाला तर आधी दुखरा दात कोणता याची खात्री करा. वेदना माणसाला फसवते. तो निरोगी दाताकडे बोट दाखवतो, तो निघतो आणि दुखणं तसंच राहतं. न्हाव्यांच्या हातून हे वारंवार घडताना आपण पाहिलं आहे, असंही तो लिहितो. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबात बसून त्यानं आमच्या अब्बांचीच गोष्ट लिहून ठेवली होती.

तर या सगळ्या काळात दाढ काढायची की नाही, हे ठरवत होती वेदना. सहन होईल तोवर दाढ राहायची. दुखण्याची वेदना काढण्याच्या वेदनेपेक्षा मोठी झाली की माणूस चिमट्यापुढे बसायचा. न दुखणारी दाढ कुणी काढेल, ही कल्पनाच शक्य नव्हती.

हा हिशेब बदलला त्यात दोन अक्कलदाढांचा हात आहे. पहिली हम्फ्री डेव्हीची. डेव्ही पुढे मोठा रसायनशास्त्रज्ञ झाला, पण तेव्हा तो विशीत होता, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात वायूंवर प्रयोग करत होता. कविताही करायचा, कोलरिजसारखे कवी त्याचे मित्र होते. नायट्रस ऑक्साइड, ज्याला लोक हसवणारा वायू म्हणू लागले, तो डेव्ही स्वतः हुंगून पाहायचा. याच दिवसांत त्याची अक्कलदाढ येऊ लागली आणि हिरडी सुजली. त्यानं वायू घेतला. चार-पाच श्वासांत वेदना कमी झाली, पण अंमल उतरताच परत आली, किंबहुना जास्तच वाटली. १८०० साली छापलेल्या पुस्तकात त्यानं हे सगळं लिहिलं, आणि फार रक्तस्राव नसलेल्या शस्त्रक्रियांत हा वायू उपयोगी पडेल असंही सुचवलं. चव्वेचाळीस वर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही. वायू जत्रेतल्या करमणुकीसाठी वापरला जात राहिला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसं किंचाळत राहिली.

दुसरी दाढ होरेस वेल्सची. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावातला हा दंतवैद्य १० डिसेंबर १८४४ रोजी वायूचा खेळ पाहायला गेला. वायू घेतलेला एक तरुण धावपळीत पायाला जखम करून बसला, आणि त्याला पत्ताच नव्हता. वेल्सच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी त्यानं खेळ करणाऱ्या कोल्टनला आपल्या दवाखान्यात बोलावलं, स्वतः खुर्चीत बसला, वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून स्वतःचीच त्रास देणारी अक्कलदाढ काढून घेतली. त्याला वेदना झाली नाही. दुसऱ्याच्या तोंडात हात घालण्याआधी त्यानं स्वतःचं तोंड पुढे केलं, हे मला फार मोठं वाटतं.

पुढची कहाणी मात्र दुःखाची. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्यानं प्रयोग केला. वायू पुरेसा दिला गेला नाही, रोगी ओरडला, आणि सभागृहानं वेल्सची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याचाच जुना सहकारी विल्यम मॉर्टन यानं बोस्टनमध्येच ईथर वापरून प्रयोग यशस्वी केला आणि श्रेय घेऊन गेला. वेल्स क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला. त्या अंमलाखाली त्यानं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्त्रियांवर आम्ल फेकलं आणि तो तुरुंगात गेला. जानेवारी १८४८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिथंच त्यानं आत्महत्या केली. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेनं १८६४ साली त्याला मान दिला. तोवर सोळा वर्षं उलटली होती.

वेदना गेली, पण दृष्टी अजून यायची होती. १८९५ च्या शेवटी राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर केला, आणि जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटं स्थिर राहावं लागलं. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास फिनलंडच्या यर्यो पातेरो यांनी सगळा जबडा एका चित्रात घेण्याची पद्धत विकसित केली, तीच आजची ओपीजी. दरम्यान टोचण्याची भूल आली. आज आपल्या दवाखान्यांत सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं.

आपल्या देशातही हे ज्ञान आलं. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेत शिकून परतले आणि १९२० साली त्यांनी कोलकात्यात भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. त्याला पैसा हवा म्हणून त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान चालवलं. गोड विकून दातांचं शिक्षण उभं करायचं, यातला विनोद त्यांनाही कळला असणार. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय निघालं. १९४८ साली दंतवैद्यांसाठी कायदाही झाला. पण कायदा आणि कॉलेज आमच्या आठवडी बाजारापर्यंत पोचायला वेळ लागला. त्या मधल्या वेळेत अब्बांची दाढ गेली.

तर वेदना गेली, दृष्टी आली, आणि तिथंच नवा प्रश्न जन्मला. अजून न दुखणारी दाढ आता दिसू लागली. हाडात आडवी, दुसरीवर रेललेली, जागा न मिळालेली. जागा का मिळत नाही? एक कारण आपलं खाणं. शिकार करून, कंदमुळं चावून जगणाऱ्या समाजांपेक्षा शेती करणाऱ्या समाजांचे जबडे आखूड असतात, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कवट्यांच्या अभ्यासात दिसलं. मऊ शिजवलेलं खाऊन वाढत्या वयात जबड्याला हवा तेवढा व्यायाम मिळत नाही. जबडा आखूड झाला, दातांची संख्या तीच राहिली. चारांपैकी साधारण एकाची निदान एक अक्कलदाढ अशी अडकलेली असते.

मग ती दिसली म्हणून काढायची का? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, तरुण मुलांच्या निरोगी अक्कलदाढा काढणं हा रिवाज झाला. जे फ्रीडमन या दंतवैद्यानं २००७ साली लिहिलं, की तिथं वर्षाला सुमारे ५० लाख लोकांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात, आणि त्यांतल्या निदान दोन तृतीयांश विनाकारण. अनेक शल्यविशारदांना ते पटलं नाही. त्याआधी मार्च २००० मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं सांगितलं, की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा नुसत्या खबरदारीसाठी काढणं थांबवा. हिरडी एकदा सुजली, फार तीव्र नसेल, तर थांबा. पुन्हा सुजली तर काढणं योग्य. पुढच्या वर्षांत तिथल्याच काही तज्ज्ञांनी दुसरी बाजू दाखवली. थांबलेले लोक उतारवयात येऊ लागले, शेजारची चांगली दाढ किडलेली घेऊन. वय वाढलं की हाड कठीण होतं, जखम भरायला वेळ लागतो. पुराव्यांचा ताळेबंद मांडणाऱ्या अभ्यासकांनीही म्हटलं आहे, की न दुखणारी दाढ काढावी की ठेवावी हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. अक्कलदाढ पुढचे दात ढकलून वाकडे करते हा समज मात्र संशोधनात टिकलेला नाही.

म्हणजे सरसकट उत्तर नाही. ‘सगळ्या काढा’ हेही नाही, आणि अब्बांसारखं ‘तोंडात हात घालू देणार नाही’ हेही नाही. प्रत्येक दाढेचा वेगळा विचार करावा लागतो. ती दुखली किती वेळा, शेजारणीला धोका आहे का, नस किती जवळ, माणसाचं वय काय आणि त्याचं पोट कशावर चालतं. असा विचार करायचा तर आधी थांबावं लागतं. उंटाचा पाय बांधणारी दोरी ती हीच. पण दोरी थांबवण्यासाठी असते, तसाच उंट कायम बांधून ठेवायचा नसतो. कधी सोडायचा, हेही अकलेनंच ठरवायचं.

आठव्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेलो. उजवी खालची दोनदा पिकली होती, शेजारचीला कीड लावत होती. ती काढायची. डावी गप्प आहे आणि नस तिच्या मुळाला टेकलेली आहे. ती राहू द्यायची, वर्षातून एकदा तपासायची, लागेल तेव्हा फोटो काढायचा. पुढे त्रास झालाच, तर मुळं जागेवर ठेवून फक्त वरचा भाग काढण्याचीही पद्धत आहे, असं त्या म्हणाल्या. वरच्या सरळ दाढेला कुणी हात लावायचं कारणच नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी दाढेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘उजवी, खालची, शेवटची. बरोबर ना, काका?’ मी मान हलवली. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. फोटो पुन्हा दिव्यासमोर धरून मोजून पाहिलं, मगच भूल दिली. अब्बांच्या वेळी एवढं कुणी केलं असतं तर!

अर्ध्या तासात काम झालं, दोन टाके पडले. भुलेनं खालचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर होती. ती चार तास उतरली नाही. ते चार तास मी घरात गप्प बसून होतो, मध्येच हळूच ‘ळ’ म्हणून पाहायचो. संध्याकाळी ओठाला मुंग्या आल्या, मग पाणी गार लागलं. बायकोनं विचारलं, ‘बोलता येतंय का?’ मी तिला पहिल्यांदा ‘बाभूळ’ म्हणून दाखवलं, मग ‘क़लम’. दोन्ही नीट आले.